वाड्याच्या पाच पायऱ्या आणि अण्णांची स्प्लेंडर

ढाळजकर | शनिवार, रात्री 10:15

मंडळी, प्रश्न ऐकून हसू येईल, तरी विचारतो.

आमचं घर अंबाजोगाईच्या जुन्या गावात, बोळाच्या आत. वाडा म्हणावा तर निम्माच उरलाय. माळवद पाडून स्लॅब टाकला, चौकात पाण्याच्या टाक्या आल्या, पण समोरची ढाळज (दारामागची देवडी), तिचा दरवाजा आणि त्यापुढच्या काळ्या दगडाच्या पाच पायऱ्या पणजोबांनी बांधल्या तशाच आहेत. अण्णा, म्हणजे माझे वडील, रोज रात्री आठच्या सुमाराला त्या पाच पायऱ्या स्प्लेंडरवर बसून चढतात आणि गाडी ढाळजेत लावतात. गाडी 1998 सालची. घरात हे इतकं अंगवळणी पडलेलं की यात काही विशेष आहे हे मला कळलं ते लग्नाला आलेल्या मित्रांनी मोबाइल काढून शूटिंग सुरू केलं तेव्हा.

रीत अशी. दारापुढचा बोळ नऊ फुटांचा. पण दाराच्या बरोबर समोर दुसरा बोळ येऊन मिळतो. अण्णा आधी त्या बोळात शिरतात, गाडी वळवतात, दाराच्या रेषेत येतात. एकदा हॉर्न, मग रेस, आणि धडधड करत वर. आतून आई आवाज ओळखते. गाडी पायऱ्या चढली की ताट घ्यायचं, वेगळी हाक मारायची गरज नाही.

गेल्या मंगळवारी चौथ्या पायरीवर गाडी बंद पडली. अण्णांनी डावा पाय टेकायला सोडला, तो खालच्या पायरीला लागेपर्यंत गाडी कलली होती. डावं मनगट मोडलं. प्लास्टर, सहा आठवडे. गाडीचा आरसा फुटला, बाकी काही नाही. अण्णांचं वय 69. प्लास्टर निघालं की पुन्हा तसंच चढणार असं त्यांनी जाहीर केलंय.

बाहेर ठेवायची सोय नाही. बोळात दोनदा पेट्रोल काढून नेलं, एकदा तर नळीच कापली.

टेपानं मापं घेतली. पायरीची उंची 7 इंच, रुंदी 11 इंच, पाच पायऱ्या मिळून जोतं 35 इंच. वर दाराला साडेतीन इंचांचा लाकडी उंबरा. त्याला दोन्ही अंगांनी अण्णांनी लाकडाच्या पाचरी आणि वर एक पट्टी ठोकलीय, कारण आजी होती तोवर उंबऱ्याला चाक लागलेलं तिला खपत नसे. चाक पट्टीला लागतं, उंबऱ्याला लागत नाही, हा अण्णांचा युक्तिवाद आजीनं शेवटपर्यंत मान्य केला नाही.

तर, हे धोका कमी करून करता येतं का? आणि येत नसेल तर नऊ फुटांच्या बोळात 35 इंच चढायला रॅम्प कसा बसवायचा?


पुणेरी पाहुणा | रात्री 10:31

पायऱ्या माणसांना चढण्यासाठी असतात, एवढंच नम्रपणे सुचवतो.


कडबाकुट्टी | रात्री 10:33

पाहुण्यांना चहा द्या रे कोणीतरी.


गॅरेजवाला परभणी | रात्री 10:50

दादा, आधी एक काम करा. गाडी पायऱ्यांच्या खाली लावा, बॅटरी घेऊन आडवं व्हा अन् चेंबर, म्हंजी इंजिनाच्या तळाचं तेलाचं भांडं, खालून बगा. तेल काढायचा नट असतो तिथं काय दिसतंय ते सांगा. मंग बोलू. 22 वर्षं झालं हेच काम करायलोय, पायऱ्या चढलेल्या गाडीचं पोट मला बरोबर वळखू येतंय.


त्रिकोणमास्तर | रात्री 11:20

ढाळजकर, मापं देऊन फार चांगलं केलंत. 7 भागिले 11, म्हणजे चढ साडेबत्तीस अंशांचा. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या घराची पायरी जास्तीत जास्त 190 मिलिमीटर उंच आणि कमीत कमी 250 मिलिमीटर रुंद सांगितलीय. तुमची 178 आणि 279 भरते. पणजोबांनी माणसासाठी उत्तम जिना बांधला. गाडीचा हिशोब निराळा.

पहिला मुद्दा चाकाचा. स्प्लेंडरचं चाक 18 इंची, टायर धरून व्यास साधारण 23 इंच, म्हणजे त्रिज्या साडेअकरा. सात इंचांची पायरी त्रिज्येच्या निम्म्याहून थोडी जास्त. चाक तिच्यावर चढू शकतं. दहा इंची चाकाच्या स्कूटरची त्रिज्या टायरसकट साडेआठच्या आसपास. तिच्यासाठी हीच पायरी जवळजवळ भिंत आहे. तेव्हा घरात स्कूटी असेल तर तिच्यावर हा प्रयोग कोणी करू नये.

दुसरं, पुढचं चाक ढकललं जातं आणि मागचं स्वतः फिरतं. मागच्या चाकाला पायरीची कड मिळाली की ते तिला धरून वर येतं. पुढच्याला तशी ताकद नाही, ते कडेवर आपटतं आणि मागून रेटा आला तरच चढतं. म्हणून पहिल्या पायरीलाच वेग लागतो.

तिसरा मुद्दा वजनाचा. गाडी 112 किलो, अण्णा 65 धरू. एकूण 177. साडेबत्तीस अंशांच्या चढावर त्यातलं सुमारे 95 किलो मागे खेचत असतं. शंभर सीसीचं इंजिन पहिल्या गिअरला वेगाच्या जोरावर हे निभावून नेतं, पण हातात शिल्लक फार राहत नाही. मागे कोणी बसलं तर विषय संपला.

मला खरा प्रश्न पडलाय तो पोटाचा. गाडी वरच्या टोकाला पोचते तेव्हा पुढचं चाक सपाटीवर आणि मागचं पायऱ्यांवर असतं, मधलं पोट शेवटच्या कडेवर येतं. स्प्लेंडरचं पोट जमिनीपासून 160 मिलिमीटरच्या आसपास आणि दोन चाकांमधलं अंतर 1235 च्या आसपास धरलं, तर 29 अंशांच्या पुढे पोट टेकतं. जुन्या बुलेटचं पोट 135 वर आणि चाकांत अंतर जास्त, ती 22 अंशांतच अडकेल. जुन्या हिमालयन गाडीचं 220, ती 33 पर्यंत जाते. तुमचा चढ साडेबत्तीस. म्हणजे हिशोबाप्रमाणे अण्णांच्या गाडीचं चेंबर केव्हाच फुटायला हवं होतं. फुटलं कसं नाही?


बुलेटमामा लातूर | रात्री 11:42

मास्तर, बुलेटचा आकडा छातीला लागला. माझं तसंच झालं होतं.

कॉलेजात असताना पैज लागली. आवारातल्या सात पायऱ्या, वर सगळी पोरं उभी. सहा पायऱ्या राजासारखा चढलो. सातवीवर खण्णकन आवाज आला आणि गाडी पोटावर बसली, पुढचं चाक हवेत गोल फिरतंय. पोरांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं हाही खेळातलाच भाग. मी उतरलो तर बुटाखाली ओलं. सगळं ऑइल पायऱ्यांवरून खाली निघालेलं. त्या ऑइलवरूनच मी सातव्या पायरीवरून पहिलीवर आलो, उताणा.

चेंबर ॲल्युमिनियमचं, वेल्डिंग करून घेतलं, तरी शेवटपर्यंत पाझरतच राहिलं. पैज शंभर रुपयांची होती. तीही मिळाली नाही, कारण मागचं चाक वर पोचलं नव्हतं.


ढाळजकर | रविवार, सकाळी 8:05

गॅरेजवाले मामा, तुमच्या सांगण्यावरून सकाळी सतरंजी टाकून गाडीखाली शिरलो. आणि मास्तर, तुमचं उत्तर तिथेच सापडलं.

चेंबर दिसतच नाही! त्याच्या खाली कमानीच्या पाट्याचा (स्प्रिंगच्या पोलादी पट्टीचा) एक तुकडा आहे, ट्रकच्या कमानीला असतो तसला. पुढून मागून वाकवून, फुटरेस्टच्या दांडीला आणि पुढच्या पाइपाला बोल्टांनी आवळलेला. खालून घासून घासून चांदीसारखा चकाकतोय. दोन लांब चरे, मधोमध. तेल काढायच्या नटासाठी त्यात बरोबर भोक पाडलंय.

अण्णांना विचारलं. म्हणाले, "ते होय, 99 साली परळीच्या लोहाराकडून करून घेतलं. पहिल्या वर्षी एकदा नट घासून तेल गळलं होतं." इतकी वर्षं गाडी मीही चालवतोय, मला पत्ता नाही.


गॅरेजवाला परभणी | सकाळी 8:40

हे बगा. मास्तरचं गणित बी खरं अन् लोहाराचं बी.

आता कसं चढायचं ते सांगतो, कारण तुम्ही नाही म्हणलात तरी म्हातारा माणूस ऐकत नसतोय.

पायरीवर माणूस पडतो तो गाडी थांबल्यावर. चालू गाडीवरून पडलेलं मी लई कमी बघितलंय. थांबली की पाय टेकायला जातो, अन् पायाखाली सपाट जमीन नसती, एक पायरी खाली असती. सात इंच पाय कमी पडतो. तितक्यात शंभर किलो गाडी कलली की बाप जन्मात सावरत नाही. तुमच्या वडिलाचं तेच झालंय.

अन् ब्रेक? पुढचा ब्रेक दाबून उपयोग नाही, वजन सगळं मागं गेलेलं असतंय, पुढचं चाक नुसतं घसरतंय. मागचा ब्रेक उजव्या पायात. म्हणून उजवा पाय ब्रेकवरून काढायचा नाही, टेकायचा तर डावाच. पण खरं सांगू का, टेकायची पाळी आली की गाडी सोडून द्यावी. आरसा शंभर-दीडशेला येतोय, मनगट येत नाही.

गाडी बंद काहून पडली ते बी सांगतो. पहिल्या पायरीला दणका बसला की हात आपोआप मागं येतो अन् रेस कमी होती. नाहीतर मध्येच क्लच दाबला जातो. पायऱ्यांवर क्लच दाबायचाच नाही. खाली असतानाच फस्ट गेर, क्लच पूर्ण सोडून, रेस एकसारखी, अन् ढुंगण सीटवरून उचलून वजन टाकीवर. हाफ क्लचवर चढणारी पोरं माझ्याकडं प्लेटा बदलायला येतेत. वासावरूनच कळतंय.

हवा कमी करून चढा म्हणणारे भेटतील. टायर धरतंय खरं, पण दगडाच्या कडेवर ट्यूब रिममधी चिमटती अन् दोन भोकं पडतेत, शेजारी शेजारी. तसला पंचर मी लगेच वळखतो. विचारतो, कुठली पायरी चढलात?

तुमच्या वडिलांची क्लच केबल कधी बदललीय? 69 वर्षांच्या बोटाला कडक केबल दाबून धरायला जड जाती. माझा अंदाज, तिथंच घोळ झाला.


चिखलचाक | सकाळी 9:15

गॅरेजवाल्या भाऊंनी सांगितलं त्यावर एक खेळच आहे, ट्रायल्स नावाचा. खडक, ओढे, पायऱ्या यांवरून गाडी न्यायची, वेगाला किंमत नाही. पाय टेकला की दंडाचा गुण, गाडी पडली की पाच. त्या गाड्या सत्तर किलोच्या आसपास असतात आणि बसायला सीटही जवळजवळ नसतं, उभ्यानंच चालवतात. स्प्लेंडर म्हणजे तिच्यापेक्षा चाळीस किलो जड आणि वर सीट, कॅरिअर, बाजाराची पिशवी. अण्णांना माझा नमस्कार सांगा.


नांदेडकरीण | सकाळी 10:02

आमच्याकडे हे हौसेनं झालेलं नाही, पाण्यामुळे झालं. ऑगस्ट 2006. जायकवाडीतून पाणी सोडलेलं, गोदावरी घाट सोडून वस्तीत यायला लागली. आमची इमारत तीन मजली, पार्किंग खाली. संध्याकाळी पाणी गल्लीच्या तोंडाशी आणि खाली अकरा दुचाक्या.

पहिली गाडी बाबांनी बसून चढवायचा प्रयत्न केला. आठ पायऱ्या नीट गेल्या आणि मग आलं वळण. जिन्याच्या वळणावरची जागा असते चार फूट, गाडी साडेसहा फूट. पुढचं चाक भिंतीला, मागचं अजून पायरीवर. ना वर ना खाली. सिनेमात ही वळणाची जागा कधी दाखवत नाहीत बघा.

मग चौघं आले. एकानं मागचा ब्रेक हातानं दाबून धरला, दोघांनी पुढची दांडी धरून गाडी अक्षरशः घोड्यासारखी मागच्या चाकावर उभी केली, चौथ्यानं कॅरिअर धरून गोल फिरवली. उभी गाडी थोड्या जागेत वळते. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणातून थेंब गळत होते, म्हणून आईनं सगळ्या मजल्यांवरचे गॅस आणि देवघरातले दिवे बंद करायला लावले. ती एकच गोष्ट तेव्हा कोणाला सुचली नव्हती.

रात्री दीडपर्यंत अकरापैकी नऊ गाड्या जिन्यात, एकामागे एक, हँडल कठड्याला दोरीनं बांधून. स्टँड पायरीवर लागतच नाही, गिअरमध्ये ठेवून मागच्या चाकामागे वीट. दोन जड गाड्या खालीच राहिल्या. पाणी उतरल्यावर त्यातल्या एकीला मालकानं लगेच किक मारली आणि इंजिन जाम झालं. दुसऱ्यानं धीर धरला. प्लग काढला, सायलेन्सरमधलं पाणी काढलं, एअर फिल्टर वाळवला, ऑइल दोनदा बदललं. ती अजून चालते.

आणि वर नेण्यापेक्षा खाली आणणं कठीण, हे कोणी सांगत नाही. तीन दिवसांनी सगळे उत्साह संपल्यावर नऊ गाड्या उतरवायच्या होत्या.


गॅरेजवाला परभणी | सकाळी 10:30

ताई, लाखातलं बोललात. उतरवताना इंजिन बंद, गाडी फस्ट गेरमधी, अन् क्लच हाच ब्रेक. क्लच दाबला की गाडी एक पायरी सरकती, सोडला की मागचं चाक जाम. दाब, सोड, दाब, सोड. बसायचं नाही, डाव्या अंगानं चालत यायचं. पुढचा ब्रेक कडेवर चाक असताना दाबला तर मागचं चाक डोक्यावर येतंय.


रीलस्टार हिंगोली | सकाळी 11:10

आपण तर बारवेच्या, म्हणजे जुन्या पायऱ्यांच्या विहिरीच्या, पायऱ्यांवर गाडी उतरवली होती भावांनो, खालपर्यंत आणि परत वर. 40 हजार व्ह्यू. कोणाला लिंक पाहिजे?


बारववेडा | सकाळी 11:38

लिंक नको. मी जरा लांबलचक लिहिणार आहे, संपादकांनी विषयांतर म्हणून उडवायचं तर उडवावं.

दादा, बारवेचे दगड बहुतेक ठिकाणी चुना न घालता एकमेकांच्या वजनावर बसवलेले असतात. पायरीचा दगड मागच्या मातीत रुतलेला, पुढची कड मोकळी. माणसाचं वजन त्यावर वरून सरळ पडतं. गाडीचं मागचं चाक त्याच कडेला पकडून स्वतःकडे ओढतं, वर मास्तरांनी सांगितलं तसं. म्हणजे तुम्ही चढताना प्रत्येक दगड बाहेर खेचत होतात. आज हलला नसेल. त्याच्या मागं पावसाचं पाणी शिरायला केसाएवढी फट पुरते.

परभणी जिल्ह्यात वालूरची बारव बघा. खाली उतरणाऱ्या पायऱ्या गोल गोल फिरत जातात, तशी रचना क्वचितच दिसते. तिथल्या गावकऱ्यांनी स्वतः खपून गाळ काढला. चारठाण्याची बघा. टोपली टोपली गाळ डोक्यावरून वर आणणारी माणसं आणि चाकाखाली कड घेणारी माणसं एकाच भागात राहतात, याचं मला वाईट वाटतं. तुम्हाला टोचून बोलतोय, राग मानू नका. एखाद्या रविवारी आमच्याबरोबर या, पावडी-टोपली आम्ही देतो. व्हिडिओ काढा की तिथंही.


वकील बीड | दुपारी 12:20

कायद्याचंही दोन ओळींत सांगून टाकतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 2(34) प्रमाणे जिथं लोकांना जायचा हक्क आहे अशी कुठलीही जागा सार्वजनिक जागा, रस्ताच असला पाहिजे असं नाही. घाट, देवळाच्या पायऱ्या, स्टेशनचा जिना, सगळं त्यात येतं. तिथं धोकादायक वाहन चालवलं तर कलम 184. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा एक ते पाच हजार दंड, किंवा दोन्ही. स्वतःच्या दाराच्या खासगी पायऱ्या त्यात येत नाहीत. पण बोळ सार्वजनिक आहे, त्यामुळे कायमचा रॅम्प बोळात काढला तर अतिक्रमण होईल. ढाळजकर, तेवढं सांभाळा.


रीलस्टार हिंगोली | दुपारी 12:41

बारववेडे काका, व्हिडिओ काढून टाकला. रविवारी किती वाजता?


त्रिकोणमास्तर | दुपारी 1:15

ढाळजकरांच्या रॅम्पकडे येऊ. सगळ्यांना आधी सुचतं ते पायऱ्यांवरच पत्रा टाकणं. त्यानं चढ बदलत नाही, साडेबत्तीसच राहतो, फक्त दात जातात. आणि मागचं चाक त्या दातांनाच धरून चढत होतं. पावसाळ्यात ओल्या पत्र्यावर ती गाडी घसरगुंडीसारखी परत येईल.

माझी सूचना अशी. बोळात काही काढायचंच नाही. वरून आत, ढाळजेच्या फरशीत एक फूट रुंदीचा दहा फूट लांब चर खोदा. पायऱ्यांचे 55 इंच आणि आतले 120, मिळून 175. 35 इंच चढ 175 इंचांत, म्हणजे पाचास एक, अकरा अंशांच्या आसपास. लहान मूलही ढकलत नेईल.


कडबाकुट्टी | दुपारी 1:22

मास्तर, आणि दार काय हवेत लटकवायचं? उंबरा तर चराच्या दोन फूट वर राहील. खालून मांजर, कुत्रं आणि तो पेट्रोलवाला, सगळेच आत.


त्रिकोणमास्तर | दुपारी 1:30

दार विसरलो. सूचना मागे घेतो.


गॅरेजवाला परभणी | दुपारी 2:10

मास्तर, वहीत दार नसतंय, चालायचंच.

दादा, समोरचा बोळ तुम्हीच सांगितलात ना? मंग जागा हायच की. वेल्डरकडून घडीचा रॅम्प करून घ्या. दहा फूट लांब, दहा इंच रुंद, चेकर प्लेट वर, खाली दोन्ही कडेनं अँगल. पाच पाच फुटांचे दोन तुकडे, मधी बिजागरी, अन् जोडाखाली एक पाय. वरच्या टोकाला दोन हुक, ते पायरीत बसवलेल्या कडीत अडकले पाहिजेत, नाहीतर गाडी चढताना रॅम्प मागं सरकतोय अन् गाडी खाली पडती. हे विसरू नका, लई जण विसरतेत. खालचं टोक समोरच्या बोळात गेलं तर जाऊ द्या, दोन मिनिटांचा प्रश्न हाय, परत आत घ्यायचं.

अन् रॅम्प पायऱ्यांच्या मधोमध टाकू नका, उजव्या भिंतीला लावा. गाडी रॅम्पवर, माणूस तिच्या डाव्या अंगाला पायऱ्यांवरून चालत. इंजिन चालू, फस्ट गेर, डाव्या हातात क्लच, उजव्यात रेस. गाडी आपली आपण चढती, आपण नुसतं तोल धरायचा. आता इथं हाफ क्लच चालतंय, बसलेल्या माणसाचं वजन नसतंय ना.


त्रिकोणमास्तर | दुपारी 2:25

हे बरोबर बसतं. 120 इंचांत 35, सतरा अंश. 29 च्या कितीतरी आत, पोट टेकणार नाही. गाडी एकटी 112 किलो, ओढणं 33 किलोंवर आलं. 95 वरून 33. मी उगाच फरशी खोदत होतो.


ढाळजकर | बरोबर सात आठवड्यांनी, रात्री 9:20

मंडळी, उशिरा लिहितोय, पण काम झाल्यावरच लिहायचं ठरवलं होतं.

रॅम्प झाला. दोन तुकडे मिळून चाळीस किलो, खर्च सहा हजार. कड्या बसवायला पायरीला भोकं पाडायची म्हटल्यावर अण्णा दगडाला ड्रिल लावू देईनात. शेवटी वेल्डरनंच तोडगा काढला, उंबऱ्याच्या आतल्या अंगाला आडवा पाइप टाकला आणि हुक त्यात अडकवले. अण्णांची जुनी पट्टी त्यासाठी काढावी लागली. खाली उंबरा अगदी कोरा निघाला, हळदीकुंकवाचे जुने डाग तसेच. आजीला दाखवायला हवा होता. हुकांखाली आता जाड रबर आहे, ते उंबऱ्याच्या वरून जातं, टेकत नाही, असा अण्णांचा नवा युक्तिवाद तयार आहे.

गॅरेजवाले मामा, क्लच केबलचं तुमचं निदान तंतोतंत. आतली तार निम्मी तुटलेली होती. बदलली. कमानीचा पाटा मात्र अण्णांनी काढू दिला नाही.

पहिले चार दिवस ते रॅम्पकडे बघतही नव्हते. मी ऑफिसातून येऊन गाडी वर घ्यायचो. पाचव्या दिवशी मला उशीर झाला. आलो तर गाडी ढाळजेत, रॅम्प घडी घालून भिंतीला, अण्णा हात धुऊन जेवायच्या जागी बसलेले. चालत नेली म्हणाले. समोर ताट नाही. आई आत टीव्ही बघत होती, तिला गाडी आल्याचं कळलंच नाही. रेस नाही, धडधड नाही, ताट कशावरून घेणार?

अर्धा तास ते तसेच बसून होते म्हणे. मागून घ्यायचं त्यांना माहीतच नाही.


गॅरेजवाला परभणी | रात्री 9:31

सायलेन्सरची जाळी काढून देऊ का? आवाज येईल मंग.


ढाळजकर | रात्री 9:40

नको मामा. आता ते दाराशी आल्यावर तीनदा हॉर्न मारतात. आई म्हणते, कळलं, बोळाला ऐकवायची गरज नाही.